लढाईतल्या एका मृत्यूमागे बाराशे आजारी

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक लढाईत कामी आले. जमिनीवरची चढाई २४ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १०० तासांत थांबली. इतक्या प्रचंड फौजेच्या मानाने ही जीवितहानी फारच थोडी. मग फौज घरी परतली, आणि खरा हिशेब तिथून पुढे सुरू झाला. आखातात गेलेल्या ६,९७,००० अमेरिकन सैनिकांपैकी किमान एक चतुर्थांश लोकांना असं दुखणं जडलं, की त्याचं कारण ना रक्तात सापडेना, ना एक्स-रेत, ना कुठल्या स्कॅनमध्ये. कमीत कमी १,७५,००० माणसं. लढाईतल्या एका मृत्यूमागे सुमारे १,२०० कायमचे आजारी.

६,९७,००० म्हणजे किती, हे नुसतं वाचून कळत नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या छत्तीसगडमधल्या भिलाई महानगरपालिकेची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. पावर हाउसचा सगळा बाजार, कॅम्प १ आणि कॅम्प २, खुर्सीपार, सुपेला, टाउनशिपचे सगळे सेक्टर, पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे उठून वाळवंटात गेले, तरी त्या फौजेची संख्या भरत नाही. सत्तर हजार माणसं कमीच पडतात. आता असं समजा, की हे सगळं शहर सहा-आठ महिन्यांत परत आलं आणि दर चौथा माणूस म्हणू लागला, की अंगात त्राण राहिलेलं नाही, सांधे आणि स्नायू दुखतात, रात्री झोप लागत नाही, दिवसा डोकं ठणकतं, पोट बिघडलेलं असतं, आणि बोलता बोलता साधं नाव आठवत नाही. डॉक्टरांकडे रांग लागते, तपासण्या होतात, आणि कागदावर येतं, सर्व काही नॉर्मल. खऱ्या फौजेच्या बाबतीत आज या गोष्टीला तीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे, आणि त्यातले बहुतेक लोक अजूनही बरे झालेले नाहीत.

एक चतुर्थांश हा आकडा कुठून आला, हे सांगायला हवं. कारण थकवा, डोकेदुखी, सांधेदुखी कुणाला नसते? हीच शंका पहिली दहा वर्षं सरकारी डॉक्टर घेत होते, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. तिला उत्तर देण्याचा मार्ग एकच. युद्धावर गेलेले आणि त्याच काळात फौजेत असून युद्धावर न गेलेले, असे दोन्ही गट शेजारी ठेवून मोजायचं. १९९८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या लोकांची अशी मोजणी प्रसिद्ध झाली. आखातात गेलेल्यांपैकी ४५ टक्के लोकांमध्ये ही लक्षणं ठरावीक कसोटीवर उतरली, न गेलेल्यांमध्ये १५ टक्क्यांत. २००० मध्ये लिया स्टील या संशोधिकेने कॅन्सस राज्यातल्या २,०३० माजी सैनिकांची पाहणी मांडली. तिची कसोटी जास्त कडक होती. गेलेले ३४ टक्के, न गेलेले ८ टक्के. फरक २६ टक्क्यांचा. हे वरचे २६ टक्के वयाने आले नाहीत, फौजी कष्टाने आले नाहीत, कारण ते दोन्ही गटांना सारखेच होते. ते आखातातून आले. ६,९७,००० चा चौथा हिस्सा काढा, पावणेदोन लाख मिळतात.

मनावरच्या ताणामुळे हे झालं, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. ताणाने शरीर मोडतं, यात वाद नाही. पण १०० तासांच्या लढाईने एवढा ताण दिला असेल, तर २००३ नंतरच्या इराक युद्धाने किती द्यायला हवा होता? ते युद्ध वर्षानुवर्षं चाललं, रस्त्यारस्त्यांवर बॉम्ब फुटले. ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्या दुसऱ्या युद्धातून परतलेल्यांची मुद्दाम तीच पाहणी केली. २००६ मध्ये निष्कर्ष आला, की १९९१ नंतर दिसली तशी आजारांची लाट या वेळी दिसत नाही. म्हणजे १९९१ च्या वाळवंटात काहीतरी वेगळं होतं.

काय काय होतं, त्याची यादीच अंगावर येते. मागे हटणाऱ्या इराकी फौजेने कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग ६ नोव्हेंबर १९९१ ला विझली. मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या विषारी वायूपासून बचाव म्हणून सुमारे अडीच लाख सैनिकांनी पायरिडोस्टिग्मिनच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या, दर आठ तासांनी एक. एरवी हे औषध स्नायू दुबळे पडण्याच्या एका विशिष्ट आजारात देतात. इथे ते धडधाकट माणसांना दिलं गेलं. त्यातच माश्या-डासांसाठी अंगाला आणि कपड्यांना कीटकनाशकं होती. गंमत नाही, ही गोळी, कीटकनाशकं आणि सरीन हा विषारी वायू, तिन्ही गोष्टी शरीरातल्या एकाच रसायनाच्या वाटेत येतात. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला, की तो निरोप पुसून टाकणारं एक विकर असतं. गोळी त्याला अडवते, काही कीटकनाशकं अडवतात, आणि सरीन वायू तर त्याला ठारच करतो.

सरीन कुठून आला? इराकच्या दक्षिणेला खमिसिया नावाचं ठिकाण आहे. तिथे दारूगोळ्याचं मोठं कोठार अमेरिकी फौजेच्या हाती लागलं. ४ मार्च १९९१ ला इंजिनिअर तुकडीने तिथला एक बंकर सुरुंग लावून उडवला, १० मार्चला बाहेर खड्ड्यात रचून ठेवलेले अग्निबाण उडवले. त्यांत सरीन भरलेला आहे, हे उडवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. संरक्षण खात्याने ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली ती १९९६ मध्ये. पुढे वाऱ्याच्या दिशेचं गणित मांडून सांगण्यात आलं, की त्या ढगाच्या टापूत सुमारे एक लाख अमेरिकी सैनिक असू शकतील. पाच वर्षं त्यांतले आजारी लोक डॉक्टरांना सांगत होते, आम्हाला काहीतरी झालंय. डॉक्टर विचारत होते, कशामुळे? ज्याचं उत्तर खुद्द खात्याने मान्य केलेलं नव्हतं, ते उत्तर सैनिकाने कुठून आणायचं?

२०२२ मध्ये टेक्सासच्या रॉबर्ट हेली यांच्या गटाने १,०१६ माजी सैनिकांचं रक्त तपासलं, निम्मे आजारी, निम्मे निरोगी. शरीरात एक जनुक असतं, त्याच्या आज्ञेने सरीनसारख्या विषाचे तुकडे करणारं विकर तयार होतं. हे जनुक काहींमध्ये जोरकस असतं, काहींमध्ये दुबळं. ज्यांचं दुबळं होतं आणि ज्यांनी छावणीत विषारी वायूचे भोंगे ऐकले होते, त्यांच्यात आजाराची शक्यता जवळजवळ नऊपट आढळली. यावर वाद अजून चालू आहेत, एका अभ्यासाने असा प्रश्न मिटत नसतो. पण एकाच तंबूतल्या दोघांपैकी एक का आजारी पडला आणि दुसरा का नाही, याचं पटेल असं उत्तर मिळायला ३१ वर्षं लागली.

आता आपल्या घराकडे येऊ. पुण्याच्या नावाची एक डिव्हिजन होती, सहावी पूना डिव्हिजन. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. जनरल टाउनशेंड तिचा प्रमुख. तिच्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, ११० वी होती, ११७ वी मराठा होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरं. युद्ध संपेपर्यंत मेसोपोटेमियात गेलेल्या हिंदुस्थानी लोकांची संख्या पावणेसहा लाखांवर गेली, त्यातले जवळजवळ निम्मे लढणारे आणि निम्मे हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी, भिश्ती.

बगदादच्या रोखाने निघालेली ही डिव्हिजन मागे हटून तैग्रिस नदीच्या वळणातल्या कूत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. जवळजवळ पाच महिने. शरण गेलेले सुमारे १३,०००. या वेढ्यात वैद्यकशास्त्राच्या इतिहासातला एक विलक्षण प्रयोग घडला, कुणीही न ठरवता. एकाच गावात, एकाच वेढ्यात, त्याच नदीचं पाणी पिणाऱ्या दोन गटांना दोन वेगळे आजार झाले.

गोऱ्या सैनिकांचे पाय सुजू लागले, पायांतलं बळ गेलं, चालताना धाप लागू लागली, हृदय थकू लागलं. हा बेरीबेरी. हिंदुस्थानी शिपायांना त्यातलं काही झालं नाही. त्यांच्या हिरड्या सुजून काळ्यानिळ्या पडल्या, रक्ताळल्या, दात हलू लागले, गुडघे आखडले, भरून आलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या. हा स्कर्व्ही. तो गोऱ्यांना झाला नाही.

कारण ताटात होतं. गोऱ्यांना मैद्याचा पाव मिळत होता आणि घोड्याचं ताजं मांस. आपल्या लोकांना आटा मिळत होता, कोंड्यासकट दळलेला, आणि घोड्याचं मांस खायला ते तयार नव्हते. आट्याच्या कोंड्यात जे होतं त्याने बेरीबेरी अडवला. ताज्या मांसात जे थोडंफार होतं त्याने स्कर्व्ही अडवला. गोऱ्यांचा मैदा संपत आला आणि त्यांच्या पावात आटा नि जवाचं पीठ मिसळू लागले, तेव्हा त्यांचा बेरीबेरी हटला. आपल्या शिपायांच्या धर्मगुरूंकडून घोड्याच्या मांसाला मुभा मागवून बिनतारी संदेश आणवले गेले, तरी बहुतेकांनी ते खाल्लं ते अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, जेव्हा पिठाचा शिधा माणशी दीडशे ग्रॅमच्याही खाली गेला होता. शेताच्या बांधावर भाकरी-कांदा खाऊन वाढलेल्या माणसाला धर्म आणि भूक यांतून निवड करावी लागते, तेव्हा तो किती दिवस भूक निवडतो, याचं हे मोजमाप आहे.

वेढ्याबाहेरही हाल तेच. १९१६ च्या उत्तरार्धात, जुलै ते डिसेंबर, मेसोपोटेमियातल्या हिंदुस्थानी फौजेत स्कर्व्हीचे ११,००० हून अधिक रोगी झाले. अवघ्या सहा महिन्यांत. आणि तेही लिंबाचा रस शिध्यात असताना! ब्रिटिश आरमाराच्या जुन्या अनुभवावर विश्वास ठेवून रसाच्या बाटल्या पाठवल्या जात होत्या, शिपाई तो पीत होते आणि दात गमावत होते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी गिनीपिगवर हा रस तपासला. टिकवून बाटलीत भरलेला तो वेस्ट इंडीजच्या कागदी लिंबांचा रस स्कर्व्हीवर जवळजवळ निरुपयोगी निघाला. जुन्या आरमाराला ज्याने वाचवलं होतं ते फळ वेगळं होतं, भूमध्य समुद्राकाठचं मोठं पिवळं लिंबू. त्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही अडवणारं काही नसतं. पण तेच कडधान्य भिजवून मोड आणले, की ते तयार होतं. कोल्हापूर-साताऱ्याच्या घराघरांत मटकीला मोड आणणाऱ्या बायकांच्या पोरांचे दात मटकीअभावी वाळवंटात पडत होते, हे वाचताना मला आजही स्वस्थ बसवत नाही.

मुद्दा काळाचा आहे. कूतच्या वेढ्यात डॉक्टर मूर्ख नव्हते. कासिमिर फुंक याने जीवनसत्त्व हे नाव सुचवलं १९१२ मध्ये, वेढ्याच्या अवघी तीन वर्षं आधी. बेरीबेरीवरचं ब-१ शुद्ध रूपात हाती आलं १९२६ मध्ये. स्कर्व्हीवरचं क जीवनसत्त्व नक्की ओळखलं गेलं १९३२ मध्ये. कूतमधला मराठा शिपाई डॉक्टरसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या आजाराचं कारण अस्तित्वात होतं, त्याच्या हिरड्यांतून रक्त वाहात होतं, फक्त ते कारण दिसायला आणखी १६ वर्षं होती. तोवर तो जगला असेल तर! कूतला कैद झालेल्या सुमारे ९,३०० हिंदुस्थानी लोकांपैकी २,५०० च्या आसपास कैदेतच गेले. गोऱ्या शिपायांचे तर २,५९२ पैकी १,७०० हून अधिक.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात ते उगीच नाही. अशा गावांतल्या स्मारकांवर मेलेल्यांची संख्या कोरलेली असते. बिनदातांचे, धापा टाकत, पाय ओढत परतलेले त्या संख्येत कधीच नसतात.

आखाती युद्धाचा आजार काही जगातला पहिला नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा या डॉक्टराने ३०० च्या वर सैनिकांचं वर्णन छापलं. छातीत धडधड, धाप, थकवा, आणि तपासलं तर हृदय ठणठणीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत तोफगोळ्यांच्या धक्क्याने सुन्न झालेल्या, थरथरणाऱ्या, बोलणं बंद झालेल्या सुमारे ८०,००० सैनिकांवर उपचार झाले. लंडनच्या एडगर जोन्स आणि सायमन वेसली यांनी तर बोअर युद्धापासून आखाती युद्धापर्यंतच्या १,८५६ ब्रिटिश सैनिकांच्या पेन्शनच्या फायली काढून लक्षणं एकेक करून मोजली. २००२ मध्ये त्यांनी सांगितलं, की शंभर वर्षांतल्या या साऱ्या दुखण्यांचे तीन मोठे गट पडतात. एकात अशक्तपणा पुढे, दुसऱ्यात हृदयाची धडधड, तिसऱ्यात मन आणि मेंदूच्या तक्रारी. दर युद्धानंतर डॉक्टर नवं नाव देत आले, आणि दर युद्धातला सैनिक जवळपास तेच सांगत आला. माझ्या मते यातून दोन गोष्टी निघतात. युद्ध माणसाचं शरीर आतून मोडतं, गोळी लागो न लागो. आणि काही युद्धांत याशिवाय एखादं ठोस विष, एखादी ठोस उणीवही असते, जी मोजल्याशिवाय सापडत नाही.

मोजल्यावर सापडते, याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्याच लष्कराने दिलेला आहे. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास सपाटीवरची माणसं घाईघाईने लडाखला पाठवली गेली. लेहची उंचीच साडेतीन हजार मीटर, ठाणी त्याहून वर. तिशीच्या आतले तगडे जवान दोन-तीन दिवसांत खोकू लागत, तोंडाला गुलाबी फेस येई, आणि अनेक जण जात. थंडीने न्यूमोनिया झाला असं समजून पेनिसिलीन दिलं जाई. पण तो न्यूमोनिया नव्हता. विरळ हवेमुळे फुप्फुसात पाणी भरत होतं, आणि त्यावरचा इलाज होता ऑक्सिजन आणि तातडीने खाली उतरवणं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीने आजारी पडलेल्या १,९२५ सैनिकांच्या नोंदी एकत्र करून १९६९ मध्ये छापल्या. उंचीच्या आजारांवर जगात कुठेही काही लिहिलं जातं, तेव्हा आजही या १,९२५ जणांचा उल्लेख होतो. आज आपला जवान वर जाताना ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, पुढच्या टप्प्यावर चार आणि त्याहून वर आणखी चार दिवस थांबत, शरीराला सवय लावत चढतो. या १४ दिवसांच्या मागे त्या आजारी माणसांची मोजणी उभी आहे.

सियाचिनच्या हिमनदीवर फौज गेल्यानंतर असंच पुन्हा घडलं. ५,८०० ते ६,७०० मीटरवर सरासरी १०.८ आठवडे राहिलेल्या २१ जवानांच्या अंगावर सूज आली, पोटात पाणी झालं, हृदयाची उजवी बाजू थकली. इंदर आनंद आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा नवा आजार जगासमोर मांडला. जवान खाली आले, तशी ती सूज उतरली. फक्त २१ माणसं, पण नीट तपासलेली.

आता पैशाचा हिशेब, कारण शेवटी घर त्याच्यावर चालतं. आपल्या सैन्यदलांतून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास लोक निवृत्त होतात. दहा वर्षांत एक भिलाई. बहुतेक जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतात, पुढे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य पडलेलं असतं. बँकेच्या दारात, मॉलच्या फाटकावर, सोसायटीच्या गेटवर बारा-बारा तास उभा असलेला रक्षक पुष्कळदा माजी सैनिक असतो. घरची माणसं सांगतात, फौजेतून आल्यापासून यांची तब्येत बरी नसते. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डाने त्या दुखण्यापुढे सेवेमुळे झालेलं नाही, सेवेने वाढलेलंही नाही असं लिहिलं, की अपंगत्वाच्या पेन्शनचं दार बंद.

या एका ओळीची किंमत काढून बघू. २०२३ आधीच्या नियमांनी पूर्ण, म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम मिळते. २० टक्क्यांच्या खाली काहीच नाही. २० ते ४९ टक्के अपंगत्व सरसकट ५० टक्के धरतात. पगार ४०,००० धरला तर महिन्याला ६,००० रुपये. पस्तीस वर्षांत, महागाईची वाढ न धरता, २५,२०,००० रुपये. ही रक्कम बोर्डाच्या एका वाक्यावर ठरते. आणि दुखण्याचं कारणच सापडत नसेल, तर ते वाक्य सैनिकाच्या बाजूने का लिहावं आणि विरुद्ध तरी का?

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ ला याचं उत्तर दिलं. सिग्नल्समधला एक जवान, १९८५ ला भरती, १९९४ ला फिट येतात म्हणून घरी पाठवलेला, अपंगत्व २० टक्के. बोर्डाने लिहिलं होतं की हा प्रकृतीचाच दोष, सेवेशी संबंध नाही. का नाही, ते लिहिलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून घेतलंत, तेव्हा आजाराची नोंद नव्हती, तर तो सेवेत जडला असंच धरायचं. उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. संशयाचा फायदा त्याला. एप्रिल २०२५ मध्ये याच तत्त्वावर आणखी एका जवानाला न्याय मिळाला. सियाचिनवर त्याला फिट आली होती, १९८९ मध्ये त्याला घरी पाठवलं होतं. मधे ३६ वर्षं गेली.

दुसरी बाजूही आकड्यांची आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्वाची पेन्शन मिळत होती, तर जवान आणि जेसीओंमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के. सरकारला गैरफायद्याची शंका आली, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे, जास्त कडक नियम आले. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर जोरदार आक्षेप घेतले आहेत. मला यात दिसतं ते असं, की वर गैरफायदा होत असेल तर तो वर शोधावा. खंदकात झोपलेल्या, ग्लेशियरवर तीन महिने काढलेल्या शिपायाला त्यासाठी पुरावे गोळा करायला लावू नयेत. अमेरिकेने १९९४ मध्येच कायदा करून कारण न सापडलेल्या आजारालाही भरपाई द्यायचं ठरवलं होतं. तरी २०१७ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांना आढळलं, की आखाती आजाराच्या शंभर दाव्यांतले जेमतेम १७ मंजूर होतात, बाकीच्या दुखण्यांच्या दाव्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. नियम उदार असून भागत नाही, टेबलामागच्या माणसाला तो पाळावासा वाटला पाहिजे.

आपल्याकडे माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस योजना १ एप्रिल २००३ पासून आहे, देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत. तिथे रोज हजारो माजी सैनिक आपली दुखणी सांगतात. कोण कुठे, किती उंचीवर, किती महिने होता, हे लष्कराच्या दप्तरात आहे. हे दोन कागद शेजारी ठेवून मोजणं आजच सुरू करता येईल. ज्या लष्कराने १,९२५ माणसं मोजून जगाला शिकवलं, त्याला हे जड जाऊ नये.

तोवर घराघरांतल्या फौजींना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगणं आहे. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडून मागवून जपून ठेवा. कोणतं दुखणं कोणत्या वर्षी, कोणत्या ठाण्यावर सुरू झालं, ते तारखेसकट वहीत लिहा. बोर्डाने नकाराचं कारण लिहिलं आहे का, ते वाचा. नसेल, तर अपील करा, आणि ते फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं पीठ आहे, आमच्या छत्तीसगडसाठी जबलपूरचं. वर्षं उलटली म्हणून हक्क बुडत नाही, पण थकबाकी साधारणपणे दाव्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून उशीर करू नका.